समजूत घालणं आणि समजून घेणं

मराठीत मनाच्या दुखण्याला शब्दांची कमतरता नाही. जिवाची घालमेल होते, काळीज धडधडतं, पोटात गोळा येतो, डोकं बधिर होतं, अंगातलं त्राण जातं. यातला जवळजवळ प्रत्येक शब्दप्रयोग शरीराचा आधार घेऊन उभा आहे. साहजिकच असं दुखणं घेऊन माणूस पहिल्यांदा जातो तो शरीराच्या डॉक्टरकडे. ईसीजी निघतो, रक्त तपासलं जातं, सोनोग्राफी होते आणि ‘सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका’ असं सांगून त्याला घरी पाठवलं जातं. टेन्शन न घेण्याची रीत मात्र त्या कागदांत कुठेच लिहिलेली नसते.

दुखणं नवरा-बायकोच्या नात्यातलं असेल, तर वाट वेगळी असते. तिथे डॉक्टरच्या आधी मामा येतो, मग सोयरे, मग गावातली चार शहाणी माणसं. बैठक बसते. दोघांनाही चार शब्द सुनावले जातात, ‘जुळवून घ्या’ असं ठरतं, चहा होतो आणि मुलगी नांदायला परत जाते. याला आपण समजूत घालणं म्हणतो. आपल्या समाजाने शतकानुशतकं वापरलेलं हे साधन आहे आणि अनेकदा ते उपयोगीही पडतं. पण मानसोपचार नावाची जी गोष्ट गेल्या सव्वाशे वर्षांत जगात घडत गेली, ती समजूत घालण्याची सुधारलेली आवृत्ती आहे असा आपल्याकडे एक पक्का गैरसमज आहे. तो गैरसमज काय किंमत वसूल करतो, हे सांगण्यासाठी हा लेख.

मी चिकलठाणा परिसरात समुपदेशक म्हणून काम करते. छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेचा, जालना रस्त्यालगतचा हा भाग एकाच वेळी अनेक काळांत जगतो. भावकी धरून असलेलं जुनं गाव आहे, एमआयडीसीतले कारखाने आहेत, विमानतळ आहे, उन्हाळ्यात जिच्या पाऱ्याचा आकडा वर्तमानपत्रात छापून येतो ती वेधशाळा आहे, आणि सगळे ज्याला ‘मिनी घाटी’ म्हणतात ते जिल्हा रुग्णालयही आहे. बीड, जालना, परभणीकडून कामासाठी आलेली कुटुंबं आसपासच्या वसाहतींत दोन-दोन खोल्यांत राहतात. माझ्याकडे येणारी माणसं या सगळ्यांतून येतात. पुढे येणारी उदाहरणं कुणा एकाची नाहीत. अनेक घरांतले तपशील एकत्र करून, ओळख पटणार नाही अशा बेताने ती रचली आहेत.

बोलण्याचा उपचार

बोलण्याने बरं वाटतं हे माणसाला नेहमीच ठाऊक होतं. बोलणं हाच उपचार होऊ शकतो, या विचाराची सुरुवात मात्र व्हिएन्नातल्या एका तरुणीपासून सांगितली जाते. 1880 ते 1882 या काळात योसेफ ब्रॉयर या डॉक्टरने बर्था पापेनहाइम हिच्यावर उपचार केले. आपल्या लक्षणांविषयी बोलल्यावर ती लक्षणं काही काळ हलकी होतात, हे तिच्याच लक्षात आलं आणि ‘बोलण्याचा उपचार’ हे नावही तिनेच दिलं. ब्रॉयर आणि सिग्मंड फ्रॉइड यांनी 1895 मध्ये ही हकीकत ‘ॲना ओ.’ या टोपणनावाने पुस्तकात प्रसिद्ध केली. त्या उपचाराने ती पूर्ण बरी झाली नव्हती, हेही पुढे उघड झालं. पुढच्या आयुष्यात मात्र ती स्त्रियांसाठी काम करणारी मोठी समाजकार्यकर्ती झाली.

भारतात हा विचार फार उशिरा आला असंही नाही. गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 मध्ये कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. त्यांचा फ्रॉइडशी पत्रव्यवहार होता. पुढे अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास आणि ॲरन बेक यांनी 1960 च्या दशकात विचारांवर काम करणाऱ्या पद्धती मांडल्या. घटना आपल्याला जितकी छळते, त्याहून त्या घटनेचा आपण लावलेला अर्थ जास्त छळतो, हे त्यांचं मध्यवर्ती सूत्र. एलिस यांची पद्धत मराठीत ‘विवेकनिष्ठ मानसोपचार’ या नावाने रुजली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या आय.पी.एच. या संस्थेने तिला मराठी मध्यमवर्गाच्या ओळखीची करण्यात मोठा वाटा उचलला.

पद्धती अनेक आहेत. त्यांच्यात वादही आहेत. पण 1957 मध्ये कार्ल रॉजर्स यांनी एका छोट्या निबंधात जे मांडलं, ते बहुतेक सगळ्यांनी कमीअधिक प्रमाणात स्वीकारलं. उपचार करणाऱ्याने समोरच्याचं जग त्याच्या डोळ्यांनी पाहावं, त्याला अटी न घालता मान द्यावा आणि स्वतः मुखवटा घालून बसू नये, हे ते म्हणणं. वाचायला हे सोपं वाटतं. ‘तुझ्यापेक्षा वाईट दिवस आम्ही काढलेत’ हे वाक्य न उच्चारता एखाद्याचं दुःख पन्नास मिनिटं ऐकून पाहावं, म्हणजे ते किती अवघड आहे ते कळतं.

मग याचा उपयोग होतो का? मेरी स्मिथ आणि जीन ग्लास यांनी 1977 मध्ये 375 अभ्यास एकत्र करून पाहिले. उपचार घेतलेला सरासरी माणूस हा उपचार न घेतलेल्या सुमारे 75 टक्के माणसांहून बऱ्या स्थितीत असतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. नंतरच्या अभ्यासांनी या आकड्यात घासाघीस केली, पण मूळ निष्कर्ष टिकून राहिला. काही जणांना फायदा होत नाही आणि थोड्यांची अवस्था बिघडतेही, हे याच संशोधनातून कळतं. ज्या उपायाने फरक पडतो तो चुकीच्या हाती नुकसानही करू शकतो, हे लक्षात ठेवायला हवं.

धडधड

एका कारखान्यात कंत्राटावर काम करणारा तिशीचा तरुण. सेकंड शिफ्ट संपवून रात्री परतताना त्याची छाती अचानक धडधडू लागली, हातापायांना मुंग्या आल्या, घाम फुटला, आणि ‘आता आपण संपलो’ असं वाटलं. मित्रांनी रुग्णालयात नेलं. ईसीजी ठीक निघाला. पण त्या रात्रीनंतर तो बदलला. तो कंपनीच्या बसमध्ये दाराजवळच बसू लागला. जिने चढेना. खिशात गोळी आणि हातात पाण्याची बाटली असल्याशिवाय घराबाहेर पडेना. वडीलधाऱ्यांनी समजूत घातली, ‘मन घट्ट कर, काही झालेलं नाही तुला.’ ते खरंच होतं, पण त्याचा उपयोग शून्य होता.

या त्रासाला पॅनिक म्हणतात. तो कसा चालतो हे डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1986 मध्ये फार स्वच्छ मांडलं. शरीरात काहीतरी साधा बदल होतो. थकव्याने, उकाड्याने, चहाने ठोके वाढतात. मन त्याचा अर्थ ‘झटका आला’ असा लावतं. त्या अर्थाने भीती वाटते, भीतीने ठोके आणखी वाढतात, आणि वाढलेले ठोके हाच झटक्याचा पुरावा ठरतो. चाक फिरतच राहतं. दाराजवळ बसणं, बाटली, गोळी हे उपाय त्या चाकाला वंगण घालतात, कारण प्रत्येक वेळी मन म्हणतं, ‘बाटली होती म्हणून वाचलो.’

उपचारात आधी हे चाक त्याच्याच शब्दांत कागदावर काढलं जातं. शरीराचा आजार नाही याची डॉक्टरकडून खात्री झालेली असली की पुढची पायरी. खोलीतल्या खोलीत, जागच्या जागी एक मिनिट धावायचं. ठोके वाढतात. तीच धडधड, पण या वेळी ती त्याने स्वतः आणलेली असते, आणि ती आपोआप उतरतानाही तो पाहतो. मग घरी एक जिना, नंतर दोन. एके दिवशी बाटलीशिवाय कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. नंतर बसमध्ये मधली जागा. प्रत्येक वेळी आधी काय होईल असं वाटलं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, हे वहीत लिहायचं. आठ-दहा आठवड्यांत अनेकांचा हा त्रास मोठ्या प्रमाणात आटोक्यात येतो.

‘काही झालेलं नाही’ हे वडील सांगत होते. तेच आता त्याच्या वहीतला अनुभव सांगतो. समजूत बाहेरून येते, समज आतून तयार व्हावी लागते. आणि ती तयार होत असताना खालचे थरही दिसू लागतात. कंत्राट पुढच्या महिन्यात वाढेल का याची धास्ती, बहिणीच्या लग्नाचं कर्ज, गावाकडे कोरडवाहू कापसावर जगणारे वडील. मानसोपचाराने कर्ज फिटत नाही. कंत्राट कायम होत नाही. ही मर्यादा पहिल्या भेटीत स्पष्ट सांगावी असं मला वाटतं. पण ज्याला बसमध्ये बसता येत नाही, त्याला कर्ज फेडण्यासाठी कामावरही जाता येत नाही. उपचार त्याला त्याच्या लढाईपर्यंत पोहोचवतो. लढाई त्याचीच राहते.

गोव्यातला पुरावा

असा उपचार देणारी माणसं आणायची कुठून, हा पुढचा प्रश्न. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या प्रौढांपैकी 10.6 टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार होता, आणि विकारानुसार 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचत नव्हते. हे सर्वेक्षण 12 राज्यांत झालं. त्यात महाराष्ट्र नव्हता. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. ही चारही मराठवाड्याबाहेर. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर 2015 मध्ये राज्य शासनाने मराठवाडा आणि विदर्भातल्या 14 जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. त्यात आशा कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन त्रासातली माणसं ओळखावीत आणि त्यांना जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशनापर्यंत आणावं, अशी योजना होती. कल्पना योग्य होती. पण ओळखलेल्या माणसाला नियमित वेळ देणारं कुणीतरी पलीकडे बसलेलं असेल, तरच ओळखण्याला अर्थ राहतो.

इथे शेजारच्या गोव्याचा अनुभव मोलाचा आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था सुरू केली. या गटाने 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या 495 रुग्णांवर एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. उपचार देणारे मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते. स्थानिक, सामान्य माणसांना प्रशिक्षण देऊन हे काम सोपवलं होतं. भेटी सहा ते आठ, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाची, आरोग्य केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी.

पद्धत साधी होती. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. मंदिरात जाणं सोडतो, शेजारणीशी बोलणं सोडतो, भाजी निवडताना रेडिओ लावणं सोडतो. जितकं सोडावं तितकं मन आणखी खचतं. म्हणून मन उभारी घेण्याची वाट न पाहता, सोडलेल्यांपैकी एक छोटी गोष्ट ठरवून पुन्हा सुरू करायची, मग दुसरी. आणि अडलेला प्रश्न असेल तर तो सोडवायला मदत करायची. तीन महिन्यांनी या उपचाराची जोड मिळालेल्या गटातले 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. फक्त नेहमीची, थोडी सुधारलेली सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण 39 टक्के होतं. याच चाचणीत आणखी एक गोष्ट दिसली. उपचार मिळालेल्या स्त्रियांमध्ये पतीकडून मारहाण होत असल्याच्या नोंदी दुसऱ्या गटापेक्षा कमी होत्या. हे का घडलं असावं यावर मतं वेगळी असू शकतात. पण एका माणसाचं मन आणि दोघांचं नातं हे दोन स्वतंत्र कप्पे नाहीत, एवढं त्यातून नक्की कळतं.

दोघांमधलं चाक

नात्याच्या उपचारातही एक चाक शोधावं लागतं, फक्त ते दोघं मिळून फिरवत असतात. लग्नाला सहा वर्षं झालेलं एक जोडपं. तो घरी आला की ती म्हणते, ‘तुम्हाला घरात करमतच नाही.’ तो म्हणतो, ‘आल्या आल्या सुरू झालं तुझं,’ आणि मोबाइल उघडतो. ती आवाज चढवते, तो बाहेर निघून जातो. दोघांचीही तक्रार खरी असते. ती म्हणते, हे बोलतच नाहीत म्हणून मला ओरडावं लागतं. तो म्हणतो, ही ओरडते म्हणून मी गप्प बसतो. कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे ठरवायला बसलेली कुठलीही बैठक इथेच अडकते, कारण बैठकीला एक दोषी हवा असतो.

जोडप्यांसाठीच्या उपचारात पहिली भेट बहुधा दोघांची एकत्र, मग प्रत्येकाची स्वतंत्र, आणि मग पुन्हा एकत्र अशी योजना असते. एकत्र भेटीत समुपदेशक भांडणाचा वेग कमी करतो. ती ‘करमत नाही’ म्हणाली तेव्हा तुम्हाला काय ऐकू आलं? बराच वेळ गेल्यावर उत्तर येतं, ‘मी नालायक आहे, असं.’ ते गप्प झाले तेव्हा तुम्हाला काय वाटलं? ‘मी असले काय नि नसले काय, यांना फरक पडत नाही.’ ही दोन वाक्यं दोघांनी एकमेकांकडून कधीच ऐकलेली नसतात. दोन खोल्यांच्या घरात, पलीकडे सासू आणि अलीकडे मुलं असताना ती ऐकायला जागाही नसते. रागाच्या आतली भीती एकमेकांना सांगता यावी, यावर स्यू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी 1980 च्या दशकात एक पद्धतच उभी केली.

जॉन गॉटमन यांनी अमेरिकेत जोडप्यांची संभाषणं वर्षानुवर्षं चित्रित करून तपासली. त्यांच्या मते जोडप्यांचे सुमारे 69 टक्के वाद कधीच पूर्ण सुटत नाहीत. ते स्वभावाच्या, सवयींच्या फरकातून येतात. जी नाती टिकतात, त्यांतही हे वाद असतातच. फरक पडतो तो वाद कसा घातला जातो याने. टीका, तुच्छता, सतत बचाव आणि मौनाची भिंत या चार सवयी त्यांना सर्वांत घातक दिसल्या, आणि त्यांतही तुच्छता. आपल्याकडे तुच्छतेला फार घरगुती रूप आहे: टोमणा. माहेरचा उद्धार, शिक्षणावरून, रंगावरून, पगारावरून मारलेले टोमणे आपण चेष्टा म्हणून खपवतो. उपचारात मात्र त्यांची मोजदाद होते, आणि आठवडाभरात आपण किती टोमणे मारले हे लिहून आणलेला माणूस अनेकदा स्वतःच थक्क होतो.

आपल्या घरात दोघांच्या पलीकडे तिसरं माणूस असतंच. मरे बोवेन या मनोविकारतज्ज्ञाने दाखवलं की दोघांतला ताण असह्य झाला की तो तिसऱ्याकडे वळवला जातो. ती नवऱ्याशी बोलायचं ते आईशी फोनवर बोलते. तो बायकोशी बोलायचं ते आपल्या आईशी बोलतो. आणि सासू, जी स्वतः वैधव्यात एकटी पडलेली असते, तिला या ताणातून घरातलं हरवलेलं महत्त्व परत मिळतं. तिला खलनायिका ठरवून काहीच साधत नाही. कधी कधी सासूला एका भेटीला बोलावून, ‘तुमचा दिवस कसा जातो?’ एवढं विचारल्यावर घरातली हवा बदलू लागते. कुटुंबाला उपचारात सामील करून घेण्याची भारतीय परंपरा मोठी आहे. 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातेवाइकांना सोबत राहायला लावलं. रुग्ण बरे होऊन घरी जाऊ लागले आणि नातेवाईक आजार समजून घेऊन गेले.

इथे एक अडचण येते. आपल्याकडे समोर बसलेला माणूस सल्ला मागतो. ‘मॅडम, तुम्हीच सांगा, काय करू?’ डॉ. जसवंतसिंग नेकी यांनी 1973 मध्ये लिहिलं की भारतीय रुग्णाच्या मनात उपचारकाचं चित्र गुरूचं असतं, आणि पाश्चात्त्य पद्धतीतली अलिप्तता त्याला परकी वाटते. हे मला रोज पटतं. म्हणून मी गप्प बसून राहत नाही. माहिती देते, मार्ग दाखवते. पण राहायचं की सोडायचं, हा निर्णय मी देत नाही. तो निर्णय ज्याला जगायचा आहे त्याचा.

जिथे समजूत घातक ठरते

जोडप्यांच्या स्वतंत्र भेटी का घ्यायच्या, याचं सर्वांत मोठं कारण मारहाण हे आहे. नवरा शेजारी बसलेला असताना ती ते बोलणार नाही. आणि बोललीच, तर त्याची किंमत तिला घरी गेल्यावर मोजावी लागेल. मारहाण हा दोघांमधल्या चाकाचा भाग मानता येत नाही. ती करणाऱ्याची जबाबदारी असते. अशा वेळी दोघांना एकत्र बसवून ‘दोघांनीही थोडं थोडं बदला’ म्हणणं म्हणजे तिने भाजीत मीठ नीट घातलं की तो हात आवरेल, असा व्यवहार मान्य करणं.

हे आपल्या कायद्यालाही कळलेलं आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. त्याच्या 14 व्या कलमाखाली न्यायदंडाधिकारी दोघांना, एकेकट्याने किंवा एकत्र, समुपदेशनासाठी पाठवू शकतात. पण त्याच्या नियमांत एक महत्त्वाची अट आहे. हिंसेचं समर्थन करण्याची मुभा समुपदेशनात प्रतिवादीला नाही, आणि हे त्याला सुरुवातीलाच सांगायचं आहे. महाराष्ट्राने या बाबतीत देशाला वाट दाखवली. टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलिसांसोबत महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष सुरू केला, तर 2000 सालाच्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे केंद्र उभं राहिलं. हाड मोडलं म्हणून आलेल्या बाईला ते कसं मोडलं हे विचारणारं कुणीतरी रुग्णालयातच असावं, हा त्यामागचा विचार.

तरीही ‘समुपदेशन’ हा शब्द आपल्याकडे ‘समेट’ या अर्थानेच फिरतो. किती संसार जुळवले याचे आकडे अभिमानाने सांगितले जातात. परत गेलेल्या बाईचं सहा महिन्यांनी काय झालं, याचे आकडे सांगितले जात नाहीत. 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्याच्या 9 व्या कलमाने न्यायालयावर तडजोडीचा प्रयत्न करण्याचं कर्तव्य टाकलं आहे, पण त्याच कलमात ‘शक्य असेल तिथे’ आणि प्रकरणाचं स्वरूप पाहून, असंही म्हटलं आहे. आपण पहिला भाग लक्षात ठेवला.

जोडप्यांच्या उपचारांवरच्या मोठ्या अभ्यासांपैकी एक अमेरिकेत ॲण्ड्र्यू ख्रिस्टेन्सन आणि नील जेकबसन यांनी केला. गंभीर तणावात असलेली 134 जोडपी त्यात होती. उपचारांनंतर पाच वर्षांनी पाहिलं, तर जवळपास निम्म्यांच्या नात्यात लक्षणीय सुधारणा टिकून होती आणि साधारण पाव जोडपी वेगळी झाली होती. हा पाव हिस्सा अपयशाचा मानायचा का? काहींच्या बाबतीत कदाचित हो. पण मुलांना हत्यार न करता, एकमेकांची बदनामी न करता, शांतपणे वेगळं होणं हेही कधी कधी चांगल्या उपचाराचं फळ असतं. परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूद हिंदू विवाह कायद्यात 1976 पासून आहे. ‘संमती’ या शब्दामागे किती काम असतं, हे ते काम केलेल्यांनाच ठाऊक.

दार ठोठावण्याआधी

वाचकांच्या हाती काही उपयोगी पडावं म्हणून थोडं व्यवहाराचं. औषधं लिहून देऊ शकतात ते मनोविकारतज्ज्ञ. ते वैद्यकीय डॉक्टर असतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. तो क्रमांक विचारायला संकोच करू नये. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र दीर्घकाळ कुणीही लावू शकत होतं; या व्यवसायाला चौकटीत आणण्यासाठी 2021 मध्ये केंद्राने कायदा केला आहे. म्हणून शिक्षण काय, किती काळ प्रत्यक्ष देखरेखीखाली काम केलं, अंदाजे किती भेटी लागतील, फी किती, हे पहिल्याच दिवशी विचारावं. जोडप्याने आणखी एक प्रश्न विचारावा: स्वतंत्र भेटीत सांगितलेलं दुसऱ्याला सांगणार का? ज्याच्याकडे या प्रश्नाचं स्पष्ट उत्तर नाही, त्याच्याकडे जाऊ नये. गोपनीयता हा 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला दिलेला हक्क आहे. याच कायद्याच्या 115 व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र तणावाखाली असल्याचं गृहीत धरलं आणि शिक्षेऐवजी त्याची काळजी घेणं शासनाचं कर्तव्य ठरवलं.

पैशांची अडचण असेल तर शासकीय रुग्णालयाचा मानसिक आरोग्य विभाग आहे. 10 ऑक्टोबर 2022 पासून ‘टेलिमानस’ ही मोफत सेवाही आहे. 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं. जीव नकोसा झालेल्या माणसाजवळ आपण असू, तर त्याला उपदेश करण्याआधी हा क्रमांक आपणच लावून द्यावा आणि तो बोलत असताना शेजारी बसून राहावं.

माझ्या अनुभवात माणसं उशिरा येतात. भीती, बदनामी, पैसा ही कारणं आहेतच. पण ‘तिथे जाऊन पुन्हा समजूतच घालणार ना?’ ही शंका सर्वांत जास्त आडवी येते, आणि तिच्या मागे त्यांचा अनुभव उभा असतो. ती दूर करण्याचं काम समुपदेशकांनी आधी करायला हवं. गोव्यातल्या आरोग्य केंद्रांनी दाखवलं की योग्य प्रशिक्षण मिळालं तर गावातलाच माणूस हे काम नीट करू शकतो. मराठवाड्याच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून दोन दुपार अशी एक खुर्ची आणि एक बंद दार मिळणं, ही फार मोठी मागणी नाही. भावकीने, मामाने, शेजाऱ्यांनी आपलं काम सोडावं असं मी म्हणत नाही. त्यांनी फक्त समजूत घालण्याआधी एक प्रश्न विचारावा, ‘तुला नेमकं काय होतंय?’, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नये.